कारखान्यातील गंभीर इजा आणि तिची नोंद

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यतेलाच्या गिरणीत जानेवारी २०१७ च्या अखेरीस टाकीच्या सफाईचे काम चालू असता नऊ कामगार विषारी वायूने गुदमरून मृत्युमुखी पडले. मराठवाड्याच्या औद्योगिक वाटचालीतील ही एक अतिशय दुःखद घटना होय. तिची वार्ता पाहता पाहता राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. असा प्रसंग लपत नाही आणि लपवू म्हटले तरी लपविता येत नाही. पोलीस, महसूल व कारखाने निरीक्षण या तिन्ही यंत्रणांना त्याची दखल घ्यावीच लागते.

परंतु एखाद्या डाळ गिरणीत किंवा जिनिंग कारखान्यात पट्ट्यात हात सापडून एका कामगाराची दोन बोटे गेली, तर काय होते? जखमी माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून खाजगी दवाखान्यात नेले जाते, मलमपट्टीचा खर्च मालक करतो, मुकादम चार-दोन हजार रुपये घरी पोहोचवितो आणि आठवड्याभरात त्या यंत्रावर दुसरा माणूस उभा राहतो. सर्वत्र असेच घडते असे नव्हे. रीतसर सूचना देणारे व जखमी कामगाराची शेवटपर्यंत काळजी वाहणारे व्यवस्थापकही आहेत. तथापि जेथे तसे होत नाही तेथे त्या दोन बोटांचा उल्लेख कोणत्याच सरकारी कागदावर येत नाही. मृत्यूची नोंद होते, इजा विरून जाते. असे का होते, कायद्याची अपेक्षा काय आहे आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर असलेल्या पंचायत सदस्याला, शिक्षकाला वा शासकीय कर्मचाऱ्याला या बाबतीत काय करता येण्यासारखे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हंगामी उद्योग, हंगामी कामगार

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील उद्योगांचे स्वरूप ध्यानी घेतल्यावाचून हा प्रश्न नीट उमगत नाही. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्याही पूर्वीपासून लातूर व उदगीर या बाजारपेठा डाळी आणि तेलबिया यांसाठी प्रसिद्ध आहेत. सोयाबीनचा पेरा वाढल्यानंतर तेलगिरण्यांचे काम अधिकच वाढले. नांदेडकडे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आहेत आणि साखर कारखाने तर दोन्ही जिल्ह्यांत आहेत. नांदेडची उस्मानशाही कापड गिरणी एकेकाळी मराठवाड्यातील मोठ्या कारखान्यांत गणली जाई. तिचा भोंगा बंद होऊन आता बराच काळ लोटला आहे. लातूरला रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना अलीकडे उभा राहिला, पण तो अपवादच म्हणावा लागेल. या भागातील बहुतेक उद्योग शेतमालाच्या मागोमाग चालतात.

शेतमालाच्या मागोमाग चालणारा उद्योग हंगामी असतो आणि त्यातील कामगारही हंगामीच असतो. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की साखर कारखाना तीन पाळ्यांत सुरू होतो. कापूस बाजारात आला की जिनिंगचे पट्टे रात्रंदिवस फिरू लागतात. नवी तूर आली की दाळमिलमध्ये धुरळा उठतो. चार-पाच महिन्यांत वर्षाचे काम उरकावयाचे असल्याने यंत्र थांबविणे म्हणजे नुकसान, अशी भावना वरपासून खालपर्यंत रुजलेली असते. कामगार शेजारच्या तालुक्यातून, कित्येकदा परराज्यातून आलेला असतो. त्याचे नाव मुकादमाच्या वहीत असते, कारखान्याच्या हजेरीपटावर ते असेलच याची खात्री देता येत नाही. यंत्राची ओळख त्याला पहिल्याच पाळीत शेजारच्या माणसाकडून होते. फिरत्या पट्ट्यावर कापूस अडकला तर तो हाताने ओढावयाचा, ही 'शिकवण'ही तेथेच मिळते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ अन्वये यंत्राच्या धोकादायक भागांभोवती भक्कम संरक्षक आवरण असणे बंधनकारक होते. चालू यंत्राची तपासणी किंवा त्याला तेल घालण्याचे काम करावयाचे झाल्यास ते कलम २२ अन्वये खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच आणि तेही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावयाचे होते. हे कपडे कारखान्याने पुरवावयाचे व त्या कामगाराचे नाव नोंदवहीत लिहावयाचे होते. धोतराचा सोगा, गळ्यातील उपरणे वा पदर पट्ट्यात जाऊन झालेले अपघात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या साध्या वाटणाऱ्या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मृत्यूला अनेक साक्षीदार

अपघाती मृत्यूची नोंद का होते, हे पाहिले म्हणजे इजेची का होत नाही ते आपोआप कळते. फौजदारी कार्यपद्धतीत अनैसर्गिक मृत्यूच्या चौकशीचे एक जुने कलम आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १७४ वे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ वे आहे. आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून वा जनावरामुळे आलेले मरण यांच्याबरोबरच 'यंत्रामुळे' आलेल्या मरणाचा या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. अशा मरणाची खबर मिळताच पोलीस अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कळवून पंचनामा करावयाचा असतो. शवविच्छेदन होते. अंत्यविधीला गाव जमतो. मालकाची इच्छा असो वा नसो, मृत्यूचे कागद तयार होतात.

कारखाने अधिनियमाच्या कलम ८८ नेही मृत्यूला वेगळे स्थान दिले होते. अपघातात मृत्यू आल्यास सूचना मिळाल्यापासून एका महिन्याच्या आत चौकशी करणे बंधनकारक होते. इजेच्या बाबतीत अशी सक्ती नव्हती. निरीक्षकास आवश्यक वाटल्यास तो चौकशी करी. इजेची सूचना द्यावयाची ती व्यवस्थापकाने. म्हणजे ज्या अपघातातून आपल्याच कारखान्यातील उणीव उघड होण्याचा संभव आहे, त्याची खबर त्यानेच स्वतःच्या हाताने द्यावयाची. सगळी मदार त्याच्या सचोटीवर.

येथे एक विसंगती सांगण्याजोगी आहे. शिसे, पारा, सिलिका इत्यादींपासून होणाऱ्या व्यवसायजन्य रोगांच्या बाबतीत कलम ८९ ने व्यवस्थापकाबरोबरच उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही सूचना देण्याचे बंधन घातले होते. तुटलेल्या बोटाच्या बाबतीत मात्र डॉक्टरवर असे बंधन नव्हते. वास्तविक सिलिकोसिसचा रोगी क्वचितच एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्यासमोर येतो. यंत्रात सापडलेला हात मात्र हंगामात कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात दिसू शकतो.

अठ्ठेचाळीस तासांचे गणित

कोणत्या इजेची सूचना द्यावयाची याचे माप कायद्याने तासांत ठरविले आहे. अपघातानंतर लगत ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामगार कामावर येण्यास असमर्थ ठरला, तर ती इजा सूचनापात्र होय. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ नुसार मृत्यू वा गंभीर अपघाताची खबर ताबडतोब दूरध्वनीने किंवा खास माणसाकरवी द्यावयाची व मागाहून विहित नमुन्यातील लेखी अहवाल पाठवावयाचा, अशी पद्धत चालत आली. ज्या निरीक्षकाकडे हा अहवाल जातो तो राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी होय. साखर कारखान्यातील बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा अपघात असेल तर बॉयलर निरीक्षकास चोवीस तासांत वेगळी खबर द्यावी लागते.

हे माप वरवर पाहता वस्तुनिष्ठ आहे. कामगार दोन दिवस आला किंवा आला नाही, हजेरीपट पाहिला की कळते. परंतु याच मापात पळवाटही दडलेली आहे. हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी बोलावून फाटकापाशी बसविले व त्याची हजेरी लावली की कागदावर तो 'कामावर' आला. ज्याचे नाव हजेरीपटावर नव्हतेच, त्याच्या बाबतीत तर एवढाही खटाटोप करावा लागत नाही.

कारखाने अधिनियमासह १३ केंद्रीय कायदे एकत्र करून संसदेने 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची परिस्थिती संहिता, २०२०' संमत केली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेतही ४८ तासांचे माप कायम आहे. मृत्यूच्या चौकशीची मुदत मात्र एक महिन्याऐवजी दोन महिने झाली. 'कारखाना' कशास म्हणावे, याची मर्यादाही वाढली. १९४८ च्या कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० व न वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की तो कारखाना ठरे. संहितेत हे आकडे अनुक्रमे २० व ४० आहेत. यावरून लहान दाळमिल अपघाताच्या सूचनेतून सुटली, असा समज होण्याचा संभव आहे आणि तो बरोबर नाही. सूचनेचे बंधन संहितेने केवळ कारखान्यांवर नव्हे तर 'आस्थापनां'वर घातले आहे आणि १० कामगार असले की आस्थापना होते. दहाच्या खालचे घटक मात्र सर्वसाधारणपणे बाहेरच राहतात.

संहितेने एक गोष्ट निश्चितच चांगली केली. १९४८ च्या कायद्यात 'गंभीर शारीरिक इजा' या संज्ञेचे जे स्पष्टीकरण होते, त्यातून हातापायाच्या बोटांच्या पेरातील एखादे हाड मोडणे वगळले होते. एकाहून अधिक हाडे मोडली तरच ती इजा गंभीर. नव्या व्याख्येत बोटांच्या पेरांची हाडेही समाविष्ट झाली आहेत. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे गंभीर इजा झाली असल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाच्या रकमेपैकी किमान निम्मी रक्कम जखमी व्यक्तीस देण्याचा आदेश न्यायालयास देता येतो. दहा बोटांवर ज्याचे पोट आहे त्याचे एक बोट म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे, हे कायद्याला उशिरा का होईना पटले.

आकडे काय सांगतात

नोंदणीकृत कारखान्यांतील अपघातांची आकडेवारी राज्यांकडून गोळा करण्याचे काम केंद्र शासनाच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाकडे आहे. २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दरवर्षी सरासरीने सुमारे १,१०० कामगार मृत्यू पावले आणि चार हजारांहून अधिक जखमी झाले, असे ही आकडेवारी दर्शविते. म्हणजे एका मृत्यूमागे चार जखमी.

हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे. ब्रिटनमध्ये २०२२-२३ या वर्षात कामाच्या ठिकाणी १३५ मृत्यू झाले आणि मालकांनी स्वतः कळविलेल्या इतर इजांची संख्या ६० हजारांवर होती. एका मृत्यूमागे साडेचारशेच्या आसपास. त्या देशातील हिशेबात केवळ कारखानेच नव्हे तर इतर व्यवसायही येतात, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून काटेकोर तुलना करता येणार नाही. परंतु तेथे अनुपस्थितीचे माप दोन दिवसांचे नसून सात दिवसांहून अधिक आहे, म्हणजे किरकोळ इजा त्यात येतच नाहीत. आपली यंत्रे माणसाला एकतर ठार करतात नाहीतर अजिबात लागू देत नाहीत, असे मानावयाचे काय? तसे नाही. चार हा आकडा अपघातांचा नाही. तो कळविलेल्या अपघातांचा आहे. याच कारणास्तव एखाद्या जिल्ह्यातून इजांच्या सूचना अधिक येऊ लागल्या, तर तेथील कारखाने अधिक धोकादायक झाले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. बहुधा तेथील व्यवस्थापक अधिक प्रामाणिक झालेले असतात.

अमेरिकेने या प्रश्नाची उकल वेगळ्या रीतीने केली. तेथे पूर्वी एकाच वेळी तीन वा अधिक कामगार रुग्णालयात दाखल झाले तरच तातडीची सूचना द्यावी लागे. १ जानेवारी २०१५ पासून एकाही कामगाराला रुग्णालयात दाखल करावे लागले, अवयव तुटला किंवा डोळा गेला, तर चोवीस तासांत कळविणे सक्तीचे झाले. मृत्यूसाठी ही मुदत आठ तास आहे. येथे माप अनुपस्थितीचे नाही, इजेचे आहे. तुटलेल्या बोटाची हजेरी लावून घेता येत नाही.

आपल्या देशात हरियाणातील मानेसर व फरीदाबाद परिसरात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांतील जखमी कामगारांची माहिती 'सेफ इन इंडिया' या संस्थेने काही वर्षे सातत्याने संकलित केली आहे. बहुतेक इजा पॉवर प्रेसवर झालेल्या, आणि त्यात प्रामुख्याने बोटे गेलेली. पुष्कळ कामगारांना राज्य विमा योजनेचे कार्ड अपघात झाल्यानंतरच मिळाले, ही त्यांतील बाब विशेष उद्बोधक आहे. अपघात होईपर्यंत तो माणूस कागदावर कामगारच नव्हता.

एका बोटाचे मोल

नोंद झाली नाही म्हणून काय बिघडले, उपचार तर झाले ना, असे विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडणे इष्ट होईल.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १८८४ मध्ये सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन द्यावे आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज करावी, हीदेखील त्यांतील एक मागणी होती. ती कायद्यात उतरावयास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये संमत झाला. नांदेड-लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्या कायद्याची रचना आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे.

या रचनेत प्रत्येक अवयवाच्या हानीमुळे कमाईची शक्ती किती टक्के घटते, हे अनुसूचीत ठरवून दिलेले आहे. संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, अंगठा गेल्यास ३०, एका हाताची चार बोटे गेल्यास ५० आणि एक डोळा गेल्यास ४० टक्के. समजा, अहमदपूर तालुक्यातील ३० वर्षे वयाचा एक तरुण दरमहा १२,००० रुपये वेतनावर काम करतो आणि त्याची तर्जनी मुळापासून तुटली. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. तीस वर्षे वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६ रुपये झाला. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २ लाख ९ हजार ६०० रुपये. अंगठा गेला असता तर हीच रक्कम साडेचार लाखांच्या घरात गेली असती. मुकादमाने घरी पोहोचविलेल्या चार-दोन हजारांशी ही रक्कम ताडून पाहावी.

रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत न दिल्यास व्याज व दंड यांची तरतूद आहे. कामगार कंत्राटदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी टळत नाही. त्याने भरपाई द्यावी व मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. 'मला सर्व मिळाले, यापुढे काही मागणार नाही' अशा मजकुराच्या कागदावर अंगठा घेतला म्हणून हक्क संपत नाही. असा करार कायद्याने निरर्थक ठरतो. ज्या ठिकाणी कामगार राज्य विमा योजना लागू आहे तेथे भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळते: तात्पुरत्या असमर्थतेच्या काळात सरासरी वेतनाच्या ९० टक्के आणि कायमच्या असमर्थतेसाठी निवृत्तिवेतनासारखी नियमित रक्कम. परंतु या दोन्ही मार्गांच्या प्रारंभी एकच प्रश्न उभा असतो. अपघात कामावर झाला, याला पुरावा काय?

अपघात-अहवालातील 'कारण' या रकान्यात 'कामगाराची हयगय' हे शब्द फार सहजपणे पडतात. ते वाचून कामगाराचे कुटुंबीय खचतात व दावाच करीत नाहीत. वास्तविक केवळ हयगयीमुळे भरपाई नाकारता येत नाही. नशेत असणे, सुरक्षेसंबंधीच्या स्पष्ट आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा करणे आणि संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकणे, एवढेच अपवाद आहेत. मृत्यू किंवा संपूर्ण कायम असमर्थता आली असल्यास तेही लागू पडत नाहीत.

पेव आणि टाकी

गंभीर इजेची नोंद केवळ भरपाईसाठी नसते. पुढचा अपघात टळावा, हा तिचा खरा हेतू. टाकीत गुदमरण्याचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे.

मराठवाड्यातील जुन्या पिढीला धान्याची पेवे आठवत असतील. बंद पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडे ठेवीत आणि कंदील खाली सोडून तो विझतो काय हे पाहत. पेवातील हवा मारते, हे ज्ञान गावात होते. तेलगिरणीची वा साखर कारखान्याची सांडपाण्याची टाकी म्हणजे एका अर्थाने पेवच. फरक एवढाच की तेथे सेंद्रिय पदार्थ कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू तयार होतात. पहिल्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते व वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते. दुसरा ज्वालाग्राही आहे. म्हणून टाकीपाशी कंदिलाचा जुना उपाय कामाचा नाही, उलट घातक होय. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये यावर नेमका उपाय सांगितला होता. तज्ज्ञ व्यक्तीने आतील हवा तपासून लेखी दाखला द्यावयाचा. अन्यथा उतरणाऱ्याने श्वसनाचे साधन लावावयाचे, कमरेला पट्टा व दोर बांधावयाचा आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावयाचे. दोराचे हे टोक बाहेर नसते तेव्हा पहिला कोसळला की दुसरा त्याला काढण्यासाठी आत उडी घेतो आणि त्याच्यामागे तिसरा. देशभरातील अशा दुर्घटनांत मृतांचा आकडा बहुधा याच रीतीने वाढलेला आढळतो.

टाकीत एखादा कामगार चक्कर येऊन पडला, त्याला वेळीच बाहेर काढले आणि दोन दिवसांत तो बरा झाला, तर त्या घटनेची सूचना क्वचितच दिली जाते. पण पुढच्या सफाईच्या वेळी काय होऊ शकते, याचा तोच इशारा असतो. असे इशारे नोंदवहीत आले तर निरीक्षकाला कोणत्या टाकीकडे आधी जावयाचे हे ठरविता येईल.

गावाकडून होण्यासारखे

निरीक्षकांची संख्या आणि कारखान्यांची संख्या यांचे प्रमाण पाहता प्रत्येक फाटकाशी अधिकारी उभा करणे शक्य नाही. जखमी कामगार मात्र अखेरीस आपल्या गावी परततो. हात गळ्यात बांधून आलेला तरुण पारावर बसलेला सर्वांना दिसतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे अर्ज कसे करावयाचे, हे आज अनेक गावांत ठाऊक झाले आहे, कारण तलाठी, कृषी सहायक व सरपंच यांनी ते लोकांना समजावून दिले. कारखान्यातील इजेबद्दल अशी जाणकारी अद्याप निर्माण झालेली नाही.

करावयाचे काम अवघड नाही. अपघाताची तारीख, पाळी, यंत्र, त्या वेळी शेजारी असलेल्या दोन माणसांची नावे, मुकादमाचे व कारखान्याचे नाव, दवाखान्याचे कागद आणि मजुरी मिळाल्याचा कोणताही पुरावा, मग ती वहीतील नोंद असो वा बँक खात्यातील जमा, एका पानावर लिहून काढावे. गावातील शिक्षक हे काम अर्ध्या तासात करू शकतो. त्या पानाच्या आधारे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो व कामगार कार्यालयाकडे भरपाईची चौकशी करता येते. व्यवस्थापकाने सूचना दिली नसली तरी अशा अर्जावरून चौकशी सुरू होण्यास कोणतीही अडचण नाही. भरपाईच्या दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. हंगाम संपतो, मुकादम बदलतो, सोबतचे कामगार पांगतात, हे ध्यानात घेता ही दोन वर्षे वाटतात तेवढी लांब नाहीत.

सर्वांत आधीची काळजी मात्र दवाखान्यातच घ्यावयाची असते. नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागात जखमी माणूस आला की इजा कशी झाली हे त्याला किंवा सोबतच्या व्यक्तीला विचारले जाते व उत्तर लगेच लिहून घेतले जाते. सोबत आलेला माणूस पुष्कळदा कारखान्याचाच असतो. 'घरी कडबा कापताना हात गेला' असे त्याने सांगितले तर तेच लिहिले जाते. पुढे दावा उभा राहिला की विरुद्ध बाजूचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. म्हणून नातेवाइकांपैकी कोणी पोहोचला असल्यास त्याने डॉक्टरांना कारखान्याचे नाव, यंत्र व वेळ स्पष्ट सांगावी, ती केसपेपरवर लिहिली गेली काय हे पाहावे आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद झाली असल्यास तिचा क्रमांक मागून घ्यावा.